ठकुबाईच्या गालावरची खूण

६ जानेवारी १९७५, सोमवार

ती आज आली. माझ्या टेबलावर झोपली!

अकरा वर्षं मी एकच मागत होते — ही बाई एकदा माझ्या तावडीत सापडू दे. देवाने ऐकलं, आणि कुठे ऐकलं, तर कॅन्सरवर किरणांचा शेक देतात त्या कोबाल्ट मशीनच्या खोलीत. शिपाई महादूने दारात नाव पुकारलं, "ठकुबाई, मानकोली," आणि माझ्या हातातली मोजपट्टी खाली पडली. माझी सासू. म्हणजे होती.

उजव्या गालात आतून गाठ आहे. जन्मभर मशेरी लावली, तिने फळ दिलं. मोठ्या डॉक्टरांनी गालाच्या खालच्या अंगाला, जबड्याच्या हाडाजवळ, जांभळ्या शाईने फुली काढली. कानाच्या पाळीपासून आणि ओठाच्या कोपऱ्यापासून अंतर मोजून कार्डावर लिहिलं. मग मला म्हणाले, गाठ लवकर सापडली आहे, शेक नीट जागेवर बसला तर बाई वाचतील.

नीट बसला तर! आणि बसवणारी कोण?

तिने मला ओळखलं नाही. तेव्हा मी डोक्यावर पदर घेऊन खाली बघणारी पोर होते. आता पांढरा कोट, चष्मा, सगळे बाई-बाई म्हणतात. राघो बाहेर निंबाच्या झाडाखाली उभा होता. त्याने ओळखलं. ओळखून चपलांकडे बघत राहिला. नवरा होता तेव्हाही तो चपलांकडेच बघायचा.

७ जानेवारी, मंगळवार

काल झोप लागली नाही. आज लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. जाणार नाही म्हणा.

माझी चंद्रा दीड वर्षाची होती. अंगभर गोवर उठला, ताप चढला, मग धाप लागली. मी म्हणाले, भिवंडीला नेऊ. मानकोलीहून भिवंडी काय लांब आहे? ठकुबाई दारात आडवी उभी राहिली. दाराला निंबाचा डहाळा बांधलेला. म्हणाली, देवी आल्यात, सुई टोचलीस तर कोप होईल. मी पाया पडले. दोनदा पडले. राघोकडे बघितलं. तो चपलांकडे.

तिसऱ्या दिवशी देवी गेल्या, आणि चंद्राला घेऊन गेल्या.

मग मीच पांढऱ्या पायाची ठरले. तेराव्याच्या आत मला माहेरी भिवंडीला आणून सोडलं, पिशवीत दोन लुगडी. चंद्राचं टोपडं मागितलं, तेही दिलं नाही. दादाने मला पुन्हा शिकायला बसवलं. मॅट्रिक झाले, मुंबईला हे शेक द्यायचं शिक्षण घेतलं, आणि गिरणवाल्या शेठ लोकांनी इथे भिवंडीत हा धर्मादाय दवाखाना काढून कोबाल्ट आणलं तेव्हा पहिली नेमणूक माझी झाली. लोक म्हणतात, शेवंताने नाव काढलं. नाव कसलं! मी राग पाळला. कोंबडं पाळतात तसा, दाणे घालून.

८ जानेवारी, बुधवार

तिला बाकावर सगळ्यांच्या शेवटी बसवते. टेबलाचं लोखंड गार असतं, इतरांसाठी चादर दुमडून घालते. तिला नाही घातली. एवढ्याशा गोष्टीने बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आज रंगूबाईचा शेक सुरू झाला. काल्हेरची धवलारीण, लग्नात धवल्यांची गाणी गाणारी. आमच्या आगरी लोकांत हिच्या धवल्यांशिवाय हळद लागत नाही. माझ्या लग्नातही हीच गायली होती. आता घशात स्वरयंत्रावर दाणा आलाय आणि आवाज फाटक्या सुपासारखा झालाय. डॉक्टरांनी गळ्यावर लहानशी चौकोनी जागा दिली. म्हणाले, इथे लहानच शेक द्यायचा, पण जागा चुकता कामा नये, आवाज परत येईल. रंगूबाईने मला जवळ बोलावलं आणि कुजबुजली, "वैशाखात नातीचं लगीन हाय. तवर जमवशील ना गो बाय?"

मी म्हणाले, जमवते. तिला चादर घातली, वर माझी शालही.

१० जानेवारी, शुक्रवार

शुक्रवारी गावातले कापडाचे माग बंद असतात. विजेचा दाब सरळ असतो, भिंती थरथरत नाहीत. म्हणून मशीन तपासायचा दिवस हाच. पेशंट नाहीत.

मला हे काम आवडतं. किरण डोळ्याला दिसत नाही. म्हणून मशीनच्या डोक्यात एक दिवा असतो, तो टेबलावर उजेडाचा चौकोन टाकतो, मध्ये सावलीची फुली. आम्ही ती फुली पेशंटच्या अंगावरच्या खुणेवर आणतो आणि विश्वास ठेवतो, की किरणही तिथेच पडणार. दिवा वाटाड्या, किरण त्याच्या मागून चालणारा. वाटाड्या भुलला तर? म्हणून दर शुक्रवारी फिल्म. काळ्या लिफाफ्यातली फिल्म टेबलावर ठेवायची, उजेडाच्या चार कोपऱ्यांवर टाचण्या ठेवायच्या, किरण सोडायचा, फिल्म धुवायची. काळा चौकोन टाचण्यांच्या आत बरोबर बसला की दोघे एका वाटेवर आहेत.

आज केसभरही फरक नव्हता. संध्याकाळी डॉक्टर आले, फिल्म उजेडाला धरून बघितली, आणि नेहमीप्रमाणे उद्यासाठी सांगून ठेवलं — सगळ्या पेशंटच्या खुणा मी स्वतः मोजणार. त्यांची ती रीतच आहे. फिल्म हातात आली की त्यांना माणसंही मोजायची आठवण होते.

११ जानेवारी, शनिवार

डॉक्टरांनी सगळ्यांच्या खुणा मोजल्या. ठकुबाईची फुली घामाने फिकी झाली होती. डॉक्टरांनी कार्ड बघून पुन्हा काढली. ते गेल्यावर मी तिला झापलं. चार लोकांसमोर झापलं. म्हटलं, खूण पुसलीस तर शेक भलतीकडे बसेल, डोळा जाईल, मग माझ्या नावाने रडायचं नाही. म्हातारी थरथरत होती. अकरा वर्षांपूर्वी त्या दारात अशी थरथरली असतीस तर, ठकुबाई?

आज जेवण गोड लागलं.

१३ जानेवारी, सोमवार

हसू का रडू कळत नाही. हसतेच!

म्हातारी खूण गोंदवून आली! कपाळावर तुळस आहे, हनुवटीवर तीन टिक्के आहेत, त्यात हा गालावर चौथा, हिरवा, अजून सुजलेला. मला म्हणाली, "शाई घामानं जाते गो बाय, तू रागावतेस. आता मरंपरत जायाची न्हाय." मोठा पराक्रम केल्यासारखी बघत होती.

पण मी मोजपट्टी लावली. टिक्का जागेवर नाही. अर्धं बोट वर आहे, डोळ्याच्या बाजूला. विचारलं तर सांगते, गोंदणारीण बोलली खालती गाल दगडासारखा झालाय, सुई उतरत न्हाय, म्हणून वर मऊवर घेतला. अर्ध्या बोटानं काय व्हतंय?

काय होतंय ते मला विचार. गाठीची खालची कड शेकाच्या बाहेर राहते. वरून सगळं ठीक दिसतं, आणि आत ती कड हळूहळू वाढत जाते. अर्ध्या बोटात माणूस मरतं, ठकुबाई.

मी डॉक्टरांना सांगायला हवं होतं. उठलेही होते. मग बसले.

मी काय केलं? काहीच नाही. खुणेवर फुली आणायची हे माझं काम, मी खुणेवरच आणली. गोंदणाच्या शेजारी खालची जुनी शाई अजून थोडी दिसत होती, ती मी स्पिरिटने पुसली आणि गोंदणावर जांभळी शाई फिरवली, म्हणजे कोणाला वेगळं वाटू नये. बस्स. सुंठीवाचून खोकला गेला. माझ्या हाताला रक्त नाही, माझ्या मशीनमध्ये खोट नाही. तिने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अडाणीपणाने केलं — जसं चंद्राचं केलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिने पदराच्या गाठीतून तिळगूळ काढला. "घे गो बाय, गोड बोल." मी घेतला. महादूला देऊन टाकला.

गोडच बोलले. आजपासून तिला चादरही घालते. आता कशाला दुष्टपणा करू? बोकडालाही हळद-कुंकू लावतातच.

१६ जानेवारी, गुरुवार

दुपारी वीज गेली आणि परत आली ती उसळून आली. सगळ्या गावाचे माग एकदम सुरू झाले असणार. मशीनमधला दिवा उडाला. हा परदेशी दिवा, जोडीला ठेवलेलाही मागेच गेला होता. महादू वंजारपट्टी नाक्यावर मोटारीच्या दिव्यांच्या दुकानातून एक घेऊन आला. दुकानदाराने सांगितलं म्हणे, हाच तो, फक्त आतली तार जरा दुसऱ्या तऱ्हेची. बसवला. उजेड पडला, फुली दिसली. बाहेर चौदा-पंधरा माणसं ताटकळत होती, काम पुढे सुरू केलं.

दिवा बदलला की फिल्म काढायची, हे आमच्याकडून मुंबईला घोकून घेतलेलं आहे. उद्या शुक्रवारच आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

फिल्म काढली नाही.

लिफाफा टेबलावर ठेवला होता, टाचण्याही मांडल्या होत्या. मग आठवलं — फिल्म डॉक्टरांच्या हातात गेली की उद्या ते पट्टी घेऊन येणार. कान, ओठ, गाल. पहिली पकडली जाईल ती हीच. पुन्हा खूण जागेवर, पुन्हा शेक जागेवर, म्हातारी खडखडीत बरी, आणि नातवंडं मांडीवर घेऊन दारात बसणार. त्याच दारात!

टाचण्या गोळा केल्या. लिफाफा कपाटात. डॉक्टर आले तेव्हा मी म्हणाले, फिल्म संपल्या आहेत, मुंबईला कळवलंय. त्यांनी विचारलं, "मशीन बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," मी म्हणाले.

आणि बरोबरच असणार. वर्षभरात एकदाही चुकलेलं नाही. दिवा तर नुसता दिवा.

२० जानेवारी, सोमवार

म्हातारीने तीन घास जास्त खाल्ले असं राघो महादूला सांगत होता. खाऊ दे.

२४ जानेवारी, शुक्रवार

फिल्म "अजून आल्या नाहीत."

कपाट उघडते तेव्हा फिल्मचा पुडा समोर दिसतो. त्यावर टॉवेल टाकून ठेवलाय.

दादा विचारत होता, हल्ली तू हसतेस, काय झालं? वहिनी म्हणाली, पगार वाढला असेल. दोघांना काय सांगू! चंद्राच्या फोटोसमोर उभी राहिले. फोटो कसला, जत्रेत काढलेला, त्यात ती हललेली आहे, तोंड नीट दिसत नाही. तिला सांगितलं, थोडे दिवस थांब.

२९ जानेवारी, बुधवार

रंगूबाईला घोट गिळताना दुखतंय. हे व्हायचंच, घशाच्या शेकात होतं. पण तिच्या गळ्यावर शेकाची लाली आलीय ती मला जरा खाली वाटली, गळ्याच्या तळाशी हाडाच्या वाटीकडे उतरलेली. तिला विचारलं, काळ्या मण्यांची पोत घालून येतेस का? घासलं गेलं असेल. ती म्हणाली, "न्हाय गो, पोत घरी काढून ठेवलीय."

म्हातारी कातडी. उन्हात राबलेली. असतं असं.

शेक घेताना ती ओठ हलवत असते. मी बाहेर जाडजूड काचेतून बघते. हळदीचा धवला असणार. आवाज नाही, नुसते ओठ.

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांनी आज ठकुबाईच्या तोंडात बॅटरी मारून बघितलं. म्हणाले, वा! मला हाक मारली, मला दाखवलं. गाठ निम्मी उरलीय. खालची कड सुद्धा मऊ पडलीय. म्हणाले, शेवंताबाई, याचं श्रेय तुमच्या हाताला.

माझ्या हाताला!

मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं. असं होतंच कसं? वरचा भाग बरा होईल हे धरून चालले होते, पण खालची कड कशी? तिच्यापर्यंत किरण पोचतच नाही. मोजूनमापून पोचत नाही. या बाईला मरणसुद्धा घाबरतं की काय!

वाट बघेन. अशा गाठी फसवतात. आज बसतात, महिन्याने उठतात.

त्यानंतर डॉक्टरांनी रंगूबाईचा घसा आरशाने बघितला. नुसतं कार्ड उलटंपालटं केलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

घरी आले ती थेट वही घेऊन बसले.

शेक झाल्यावर ठकुबाई टेबलावरून उतरली नाही. बसून राहिली. महादू पाणी आणायला गेला होता. ती म्हणाली, "शेवंते."

अकरा वर्षांनी माझं नाव तिच्या तोंडात. मी हातातलं कार्ड खाली ठेवलं.

"मी पयल्याच दिशी वलखलं तुला. चालन्यावरनं. राघो बोलला, आय, दुसरीकडं जाऊ, ठान्याला जाऊ, ही तुला मारंल. मी बोलले, न्हाय."

मी विचारलं, का न्हाय?

ती गालावरच्या गोंदणाला बोट लावत राहिली. मग तिने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण उद्या मला वाटेल की मी ते स्वप्नात ऐकलं. राघोच्या आधी तिला दोन मुलगे होते. दोघांना एकाच वेळी गोवर निघाला. तिचा सासरा सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथे सुई टोचली. बैलगाडीतून परत येतानाच दोघे गेले, एक वाटेत, एक गावाच्या वेशीवर. "तवापासनं सुई दिसली की माझे हातपाय गळतात. तुझ्या पोरीला मी मारली न्हाय गो. मना वाटलं मी तिला वाचवते."

मी ओरडले. आयुष्यात कोणावर ओरडले नाही तशी. म्हटलं, मग तेव्हा का नाही सांगितलंस? पाया पडत होते तेव्हा एक शब्द का नाही बोललीस? पांढऱ्या पायाची म्हणून मला हाकललंस ते कशाला?

ती म्हणाली, "तुझ्याकडं बगवत नवतं."

मग कनवटीची गाठ सोडून तिने एक चिंधी काढली. टोपडं. निळ्या दोऱ्याने मी काठ शिवला होता. ते माझ्या हातात दिलं आणि उतरली. दारातून म्हणाली, "तू नेम चुकवायची न्हायस, मना ठाव हाय. म्हनून हितंच आले."

मला तिची कीव आली का? आली. क्षणभर आली. आणि तिचा राग दुप्पट आला. माझा राग हा माझा एकटीचा होता, अकरा वर्षांचा, स्वच्छ. त्यात ही आपली दोन मुलं घालून गढूळ करून गेली. आता मी कोणाचा सूड घेऊ?

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज ठकुबाई आली, टेबलावर झोपली. फुली गोंदणावर आणली. हात थांबला होता, तरी आणली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज मुद्दाम नीट बघितलं. मला बघायचंच होतं, की माझं काम कुठवर आलंय. मोठा दिवा ओढून तिच्या गालावर धरला.

शेकाची लाली गोंदणाभोवती नाही!

लाली खाली आहे. जबड्याच्या हाडावर, चौकोनी, स्वच्छ कडांची. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी फुली काढली होती ती या चौकोनाच्या अगदी मध्यावर. गोंदण वरच्या बाजूला सरकलेलं, मधोमध नाहीच.

माझा संताप संताप झाला. म्हणजे कोणीतरी माझ्या मागे खेळतंय. मी फुली लावून बाहेर आले की कोणी आत जाऊन टेबल सरकवतं का? महादू? त्याला राघोने काही दिलं असेल! महादूला धरलं. तो बिचारा आईची शपथ घ्यायला लागला. म्हणाला, बाई, दार तुम्हीच लावता, किल्ली तुमच्या कमरेला. ते खरंच आहे. दाराला मीच कडी घालते, काचेतून मीच बघते, आत माशी जात नाही.

मग गोंदण वर आणि लाली खाली, हे कसं?

दुपारी रंगूबाईचा नंबर आला. आज तिने पाटी पुढे केली, कारण आता कुजबुजही येत नाही. धाकट्या नातीच्या शाळेची पाटी. लिहिता येत नाही, चित्र काढलं होतं: एक बाई, आणि तिच्या तोंडावर आडवी रेघ. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दाणा खालून बसला पण वरून वाढलाय, असं का व्हावं कळत नाही, बहुतेक स्वरयंत्र काढावं लागेल. मी हं हं केलं. माझं लक्षच नव्हतं. डोक्यात ठकुबाईचा गाल होता.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या शुक्रवार. फिल्म काढणार आहे.

डॉक्टरांसाठी नाही. नेमासाठी नाही. मला एवढंच बघायचंय, की ती म्हातारी माझ्या हातून निसटली कशी. महिनाभर मी अर्धं बोट चुकीच्या जागी नेम धरला आणि तो बरोबर जागी लागतो, तर यात कोणाचा हात आहे ते मला कळलंच पाहिजे. देवीचा असला तर तिलाही विचारीन.

टोपडं उशाखाली ठेवलंय. अजून त्याला तिच्या घरच्या धुराचा वास येतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

फिल्म काढली. टाचण्या एकीकडे, काळा चौकोन दुसरीकडे. पायाच्या बाजूला खाली, अर्धं बोट. दुसरी काढली. तेच. नव्या दिव्याची तार.

महादूने दिवा आणला त्या दिवसापासून मशीन प्रत्येकाला खुणेच्या अर्धं बोट खाली शेकतंय. प्रत्येकाला. महिनाभर बरोबर जागेवर शेक बसला तो एकटीलाच — जिची खूण अर्धं बोट वर होती तिला.

फिल्म ओली आहे. तशीच घेऊन डॉक्टरांकडे निघाले आहे.

उद्या पहिला नंबर रंगूबाईचा आहे.